दिवा मंद, स्विच गरम : जुन्या मोटारीतील दोष कसा शोधावा?

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत मोटारीच्या कामावर पोट असलेली आपली कितीतरी कुटुंबे आहेत. कोणी इंजिन बांधतो, कोणी डेंटिंग-पेंटिंग करतो, कोणी सीट शिवतो, तर कोणी वायरिंग आणि बॅटरीचे दुकान टाकून बसलेला आहे. नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जातात. आपल्या कारागिराकडे येते ती जुनी गाडी. लग्नसराईसाठी जपून ठेवलेली अॅम्बॅसेडर, हौसेने सांभाळलेली पद्मिनी, खेड्यापाड्यांत अजून चालणारी मारुती ८०० किंवा मेळघाटाच्या वाटेवरची जुनी जीप. म्हणून आजच्या लेखात आम्ही अशा गाडीतील एक लहानसे पण धोक्याचे दुखणे घेतले आहे. ते म्हणजे हेडलाइटचा स्विच.

तक्रार ठरलेली असते. "उस्ताद, दिवे मंद पडतात", "खड्डा आला की लाइट जाते", "स्विचला हात लावला तर चटका बसतो", "डॅशमधून जळका वास येतो." आणि पुष्कळ ठिकाणी त्यावरचा उपायही ठरलेला असतो : जुना स्विच काढा, नवा बसवा. गिऱ्हाईक पैसे देऊन जातो आणि चार-सहा महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. मग तो म्हणतो, माल खराब निघाला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा माल खराब नसतो. दोष शोधलाच गेलेला नसतो.

प्रश्न किती गंभीर आहे?

अमरावती ते अकोला हा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करण्याचा गिनीज विक्रम नोंदला गेला. रस्ता चांगला झाला आणि वेग वाढला. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. मूर्तिजापूर ओलांडल्यावर रात्री दोन्ही दिवे केवळ तीन सेकंद गेले, तरी गाडी ६६ मीटर अंधारात धावलेली असते. समोर कापसाची बैलगाडी असू शकते, बिनदिव्याचा ट्रॅक्टर असू शकतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात चढणाऱ्या जीपचे दिवे वळणावर गेले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा धोका आगीचा आहे. स्विच तापला की त्याच्या मागचे प्लास्टिक मऊ होते, वायरीचे आवरण वितळते आणि दोन वायरी एकमेकींना किंवा बॉडीला टेकतात. त्यातच आमच्या वऱ्हाडचा उन्हाळा. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड आधीच भाजून निघालेला असतो.

स्विच का तापतो?

जुन्या गाड्यांची रचना समजून घेतली तर अर्धे काम झाले. आजच्या गाडीत स्विच फक्त हुकूम देतो, खरा करंट रिले वाहून नेतो. बहुतेक जुन्या गाड्यांत तसे नव्हते. बॅटरीतून निघालेला हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या किंवा स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, मग डिपर स्विचमधून आणि तेथून दिव्यांकडे जाई. जुन्या जीपमध्ये हा डिपर स्विच पायाने दाबायचा असे. चिखल, पाणी आणि धूळ यांचा पहिला मार त्यालाच बसे.

आता हिशेब करू. प्रमाणित हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. अपरवर दोन बल्बांचे १२० वॅट झाले. १२ व्होल्टने भागले की १० अँपिअर. स्विचचा पॉइंट स्वच्छ आणि घट्ट असेल तर तो १० अँपिअर सहज पेलतो. पण पॉइंटवर कार्बन आला, रिबीट ढिली झाली किंवा लगची पकड गेली, की तेथे विरोध तयार होतो. समजा हा विरोध फक्त ०.१ ओहम आहे. १० अँपिअर गुणिले ०.१ ओहम म्हणजे १ व्होल्ट तेथेच खर्च झाला, आणि १० वॅट उष्णता त्या बोटाएवढ्या जागेत निर्माण झाली. उष्णतेने पितळेचा ताण जातो, ताण गेला की पकड आणखी ढिली होते, विरोध वाढतो आणि उष्णताही वाढते. हे चक्र स्विच जळेपर्यंत थांबत नाही.

काही मालक जास्त उजेडाच्या हौसेने १००/९० वॅटचे बल्ब टाकतात. तेव्हा अपरवर करंट जवळपास १७ अँपिअर होतो. करंट पावणेदोन पटीपर्यंतही पोचला नाही, पण उष्णता मात्र पावणेतीन पटीपेक्षा जास्त झाली, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. असा बल्ब टाकलेल्या गाडीत नवा स्विचही फार दिवस टिकणार नाही. शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

आधी ऐका, मग पाना उचला

दोष शोधण्याची सुरुवात गिऱ्हाइकाच्या बोलण्यापासून होते. चार प्रश्न जरूर विचारावेत. एकच दिवा जातो की दोन्ही? अपर जातो की डिपर? लगेच जातो की वीस-पंचवीस मिनिटे चालल्यावर? हादऱ्याने जातो का?

उत्तरांतून बरेच कळते.

१) एकच दिवा मंद असेल तर मुख्य स्विच बहुधा निर्दोष आहे, कारण तो दोघांनाही सारखाच करंट देतो. त्या दिव्याचा होल्डर, वायर, त्याचा स्वतंत्र फ्यूज असल्यास तो आणि अर्थिंग पाहावे.

२) दोन्ही दिव्यांचा फक्त अपर किंवा फक्त डिपर जात असेल तर डिपर स्विचचा त्या बाजूचा पॉइंट किंवा त्या वायरीवरील फ्यूज संशयास्पद आहे.

३) पार्किंग लाइटसह सगळेच जात असेल तर बॅटरीकडून स्विचला येणारी मुख्य वायर, तिचा लग आणि स्विचचा आतला भाग तपासावा.

४) थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद, असे असेल तर ढिली रिबीट किंवा सैल लग हे कारण नेहमीचे आहे.

टेस्ट बल्ब पुरेसा नाही

आपल्याकडे टेस्ट बल्ब हे वायरमनचे पहिले हत्यार. करंट येतो की नाही हे तो सांगतो, पण किती येतो हे सांगत नाही. १२ व्होल्टवर पेटणारा टेस्ट बल्ब १० व्होल्टवरही पेटतो आणि डोळ्याला फरक चटकन कळत नाही.

मीटरही चुकीच्या रीतीने लावला तर फसवतो. होल्डरमधून बल्ब काढून मीटर लावला तर वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवील. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे अडथळा उघडा पडत नाही. म्हणून नियम एकच : मोजणी नेहमी दिवे चालू ठेवून, म्हणजे लोडवर करावी. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. ज्याच्याकडे तो नाही त्याने आधी तो घ्यावा.

व्होल्ट कोठे हरवतात ते शोधा

पद्धत सोपी आहे. आधी सर्व बंद ठेवून बॅटरी मोजावी. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन चालू करून मोजल्यास चार्जिंग साधारण १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. हे बरोबर नसेल तर स्विचच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आधी बॅटरी आणि चार्जिंग दुरुस्त करा.

मग इंजिन बंद करून दिवे लावा आणि पुढील मोजण्या क्रमाने घ्या.

पहिली : बॅटरीच्या दोन टोकांवर.
दुसरी : दिव्याच्या होल्डरमागे, बल्ब पेटलेला असताना, त्याच्या दोन टोकांवर.
या दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट.
तिसरी : मीटरचे एक टोक स्विचच्या आत येणाऱ्या वायरीवर, दुसरे बाहेर जाणाऱ्या वायरीवर. येथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर स्विच किंवा त्याचे लग दोषी.
चौथी : तीच मोजणी डिपर स्विचवर.
पाचवी : एक टोक दिव्याच्या अर्थच्या वायरीवर, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर. येथेही ०.२ पेक्षा जास्त नसावे.

एक उदाहरण घेऊ. समजा बॅटरीवर १२.३ व्होल्ट आहेत आणि दिव्यावर १०.३. म्हणजे २ व्होल्ट हरवले. मोजत गेल्यावर असे दिसले : मुख्य स्विचमध्ये ०.९, डिपर स्विचमध्ये ०.४, वायर आणि जोडांमध्ये ०.२, अर्थिंगमध्ये ०.५. बेरीज बरोबर २. आता ज्याने फक्त मुख्य स्विच बदलला, त्याने फार तर ०.९ परत मिळवले. उरलेला १.१ व्होल्ट तसाच हरवत राहिला. गिऱ्हाईक म्हणणार, नवा स्विच टाकूनही दिवा मंदच!

हे दोन व्होल्ट क्षुल्लक समजू नयेत. बल्बचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. व्होल्ट दहा टक्के घटले तर प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो. वरील उदाहरणात दिव्याचा उजेड जवळपास निम्म्यावर आलेला आहे.

एक सूचना महत्त्वाची आहे. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच धन बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो. दिव्यापर्यंत धन वायर थेट येते आणि स्विच अर्थ जोडतो किंवा तोडतो. अशा गाडीत दिवे बंद असतानाही होल्डरवर करंट मिळेल. पाचवी मोजणी तेथे स्विचसह होते, हे लक्षात ठेवावे. म्हणून वायरी कापण्यापूर्वी रचना ओळखावी.

स्विच उघडताना

दोष स्विचमध्येच आहे हे मोजून ठरले की मगच तो काढावा. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे. प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावावी किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा. जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात आणि आठवणीवर भरवसा ठेवून केलेले काम पुढे शॉर्ट होते.

स्विच उघडताना खाली पांढरे कापड अंथरावे. आतली स्प्रिंग आणि छोटी गोळी उडून गेली तर ती बाजारात सुटी मिळत नाही. पत्र्याचे कान हळू सरळ करावेत. ते एक-दोनदाच वाकतात, मग तुटतात.

आत काय दिसते यावर निर्णय अवलंबून आहे.

पॉइंटवर नुसता काळेपणा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून, गरज पडल्यास अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. कानस लावू नये. पुष्कळ पॉइंटांवर चांदीचा पातळ थर असतो. तो कानसेने निघून गेला की उघडे तांबे लवकर जळते. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. बंद डॅशमध्ये त्याची वाफ राहिली आणि ठिणगी पडली तर अनर्थ होईल.

रिबीट ढिली असेल तर खाली भक्कम आधार देऊन हलक्या ठोक्याने बसवावी. लगचा पितळी रंग जाऊन तो निळसर-काळा झाला असेल तर त्याचा ताण गेलेला आहे. पक्कडने दाबून तो चार दिवस घट्ट राहील, पुन्हा सुटेल. नवा लग घालावा. वायरही चमकदार तांबे दिसेपर्यंत मागे कापून घ्यावी.

बॅकेलाइट किंवा प्लास्टिक जळून कोळसा झाले असेल तर तो स्विच दुरुस्त करू नये. कोळशातून करंट वाहतो, म्हणून वरून साफ दिसणारा स्विचही आतून गळत राहतो. अशा वेळी तो बदलणे हाच योग्य मार्ग आहे.

मुळावर उपाय : रिले

स्विच साफ केला किंवा नवा टाकला, तरी त्याच्यावरचा बोजा तोच राहतो. म्हणून मुळावर उपाय करायचा तर रिले बसवावा. चार टोकांचा साधा रिले घ्यावा. त्याच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ वरून दिव्यांकडे वायर, ८६ ला पूर्वी दिव्याकडे जाणारी डिपर स्विचची वायर आणि ८५ ला अर्थ. अपरला एक आणि डिपरला एक असे दोन रिले लागतात. (अर्थ बाजूला स्विच असलेल्या गाडीत ही जोडणी वेगळी होते.)

आता मुख्य स्विच आणि डिपर स्विच यांतून १० अँपिअरऐवजी रिलेच्या कॉइलपुरता, अँपिअरच्या पाचव्या हिश्शाएवढा करंट जातो. स्विच थंड राहतो आणि दिव्याला पूर्ण व्होल्ट मिळतात.

तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, जाड वायर २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. दोन, प्रत्येक रिलेला बॅटरीच्या जवळ स्वतंत्र १५ अँपिअरचा फ्यूज असावा, म्हणजे डिपरचा फ्यूज गेला तरी अपर शिल्लक राहतो. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी कागद गुंडाळणे म्हणजे गाडीत आगपेटी ठेवणे होय. तीन, दिव्यांची अर्थ वायर गंजलेल्या पत्र्याला न जोडता, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या जागी बोल्टने घट्ट करावी. रिले टाकून अर्थिंग तसेच ठेवले तर अर्धाच फायदा मिळतो.

काम झाल्यावर पाचही मोजण्या पुन्हा घ्याव्यात आणि अर्धा तास दिवे चालू ठेवून स्विच, फ्यूज व जोड हाताने तपासावेत. कोठेही चटका बसता कामा नये.

लहान स्विच, मोठी किंमत

स्विचकडे दुर्लक्ष करण्याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेच्या एका मोठ्या कंपनीच्या उदाहरणावरून जगाला कळले. जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांतील इग्निशन स्विचची आतली स्प्रिंग कमजोर होती. चावीला जड जुडगा असला किंवा धक्का बसला की चावी आपोआप फिरे, चालते इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसे. कंपनीने पुढे तो भाग सुधारला, पण त्याचा क्रमांक बदलला नाही. त्यामुळे जुना भाग कोणता आणि सुधारलेला कोणता, हे तपासणाऱ्यांना ओळखता येईना. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतात. पहिली, जुन्या गाडीच्या इग्निशनला घर-दुकानाच्या चाव्यांचा जुडगा लटकवू नये, असे गिऱ्हाइकाला सांगावे. दुसरी, जे बदलले त्याची नोंद ठेवावी. न सांगता केलेला बदल पुढच्या कारागिराला अंधारात ठेवतो.

धंद्याच्या दृष्टीने

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी वाढते. एमएच २७ असो की एमएच ३०, जुन्या गाडीचे दिवे ठीक असणे मालकाला भागच आहे. दुसरीकडे अॅम्बॅसेडर आणि मारुती ८०० या दोन्हींचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे तर त्याच्याही कितीतरी आधी. अस्सल स्विच आता सहज मिळत नाही. बाजारात येतो तो हलका माल किंवा भंगारातला जुना. म्हणजे दुरुस्ती जाणणाऱ्या कारागिराची गरज वाढलेली आहे. मात्र त्यासाठी काही सवयी लावून घ्याव्या लागतील.

१) तपासणीची मजुरी वेगळी सांगावी. दोष शोधणे हेही काम आहे. ती मजुरी घेतली की विनाकारण स्विच विकून पैसे काढण्याचा मोह राहत नाही.

२) पावतीवर कामाआधीचे आणि कामानंतरचे व्होल्ट लिहावेत. "दिव्यावर १०.३ होते, आता ११.९ आहेत" हे गिऱ्हाइकाला मीटरवर दाखवावे. त्याला वीज कळत नसेल, पण आकडा कळतो.

३) काढलेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा.

४) भंगारातला स्विच बसवायचा तर तसे स्पष्ट सांगावे आणि आधी बाहेर दोन बल्बांच्या लोडवर अर्धा तास चालवून पाहावा.

५) हार्नेस जागोजाग जळालेला असेल आणि मालक थोडक्यात भागवा म्हणत असेल, तर काम नाकारावे. त्या रात्री गाडी पेटली तर नाव आपलेच येईल.

वजनात मारणारा दुकानदार जसा गिऱ्हाइकाचा गुन्हेगार, तसाच अर्थिंगचा दोष असताना स्विच विकणारा मिस्त्रीही. फरक इतकाच की तराजू गिऱ्हाइकाला दिसतो आणि वायरिंग दिसत नाही. जेथे गिऱ्हाइकाला दिसत नाही तेथे कारागिराची जबाबदारी दुप्पट होते.

शेवटी दुकानात काम शिकणाऱ्या मुलांविषयी. आपल्याकडे शागीर्द वर्षानुवर्षे पाने देत आणि बल्ब धरत उभा राहतो, पण "का" हे त्याला कोणी सांगत नाही. त्याच्या हाती मीटर द्या. पाच मोजण्या त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. जमल्यास त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पाठवा. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे ती आहे. हाताचे कौशल्य आणि मोजणीचे ज्ञान एकत्र आले की तोच मुलगा उद्या नव्या गाडीच्या वायरिंगलाही हात घालू शकेल, आणि जुनी गाडी संपली म्हणून त्याचा धंदा संपणार नाही.